हिरवी वायर डायरेक

आमच्या घरात मला उपदेश करणारी माणसं पुष्कळ होती, पण सगळ्यांत चिकाटीचा होता तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर उजवीकडे खाली उगवणारा पिवळा फुगा. कॅमेऱ्याचं कार्ड वाचायचं छोटं यंत्र जोडलं की तो हजर व्हायचा आणि इंग्रजीत सांगायचा, की हे उपकरण याहून कितीतरी वेगाने चालू शकतं, पण तुम्ही ते जोडलंय भलत्याच ठिकाणी. एकदा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "ते पिवळं काय म्हणतंय सारखं?" आबा एसटीत कंडक्टर. मी अर्थ सांगितल्यावर क्षणभर विचार करून म्हणाले, "म्हंजी गाडी फास्ट हाय, पर रस्ता बैलगाडीचा हाय." पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात मी बरीच जाड पुस्तकं वाचली. इतकं नेमकं निदान एकाही पुस्तकात सापडलं नाही.

आमचं घर पालीत, राजगडाच्या वाटेवर. गडावरून पाली दरवाज्याने उतरलेली माणसं गावात शिरली की त्यांना आधी आईच्या चुलीचा धूर दिसायचा आणि मग आमचा ओटा. शनिवार-रविवार त्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची, नुसते बूट. पिठलं, भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा. मागितलं तर ताक, नाही मागितलं तरी ताक. आईच्या भाकरी थापण्याला एक ठेका होता. सात-आठ थापा, मग पाण्याचा हात फिरवायला एक थांबा, मग परातीत भाकरी गरकन फिरल्याचा घासता आवाज. मला आजही विचार करायचा असला की माझी बोटं टेबलावर तोच ठेका धरतात. माझ्या मुलीला वाटतं, आई तबला शिकली होती. मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही.

कॉम्प्युटर पुण्याहून आला. दादा, माझा मोठा भाऊ, तिथं एका ऑफिसात होता आणि ऑफिसने जुनी यंत्रं काढून टाकली, त्यातलं एक त्याने आम्हाला धाडलं. आबांनी ते आपल्याच गाडीत दोन माणसांच्या सीटवर बसवून आणलं. पडदा खिडकीकडे आणि डबा वाटेकडे. नसरापूरला एक म्हातारी त्या सीटसाठी भांडली तर आबा म्हणाले, "रिझर्वेशन हाय मावशी." घरी आल्यावर त्याच्यासाठी भिंतीत खास कडप्प्याचा कोनाडा काढला. गवंड्याने डब्याचं माप बोटभरही न चुकता घेतलं. फक्त वायरी मागून निघतात हे ना त्याला आठवलं ना आम्हाला. डबा बसला तो असा चपखल, की यूएसबीची दोन भोकं मागे भिंतीला नाक लावून राहिली. काही जोडायचं म्हटलं की मी डब्याखाली फडकं सरकवून तो जड बैलासारखा पुढे ओढायचे, जोडायचे, परत ढकलायचे.

शिवाय तो चावायचा. पत्र्याला उघडा हात लागला की कोपरापर्यंत मुंग्या. आम्ही सगळ्यांनी तो त्याचा स्वभाव म्हणून स्वीकारला होता, जसा घरातल्या एखाद्या चिडक्या माणसाचा स्वीकारतात. मला तेव्हाही याद्या करायची खोड होती. कोनाड्याच्या कडेला मी नियम चिकटवले होते आणि त्यातला पहिला होता : रबरी चप्पल घातल्याशिवाय शिवू नये. दुसरा : ओल्या हाताने तर मुळीच नाही. आई दोन्ही नियम मोडायची आणि ओरडायची, "चावलं गं बया!" मग हात झटकून पुन्हा पिठात.

धंदा सुरू झाला तो असा. तेव्हा डिजिटल कॅमेरे नवे होते आणि त्यांची कार्डं लहान. गडावर माणसं सूर्योदयाचेच साठ फोटो काढायची आणि बालेकिल्ल्यापर्यंत पोचता पोचता कार्ड भरायचं. मी ती कार्डं आमच्या कॉम्प्युटरवर उतरवून सीडी करून द्यायला लागले. आबांनी दारावर पाटी रंगवली : 'पिठलं-भाकरी, ठेचा व फोटो रिकामे करून मिळतील.' पुण्याची माणसं त्या पाटीखाली उभी राहून फोटो काढायची आणि तेही आम्हीच रिकामे करून द्यायचो.

एक कार्ड उतरायला माणसाचं दीड जेवण लागायचं. हे माप आईचं. ओट्यावर बसलेला माणूस दोन भाकऱ्यांत उठला असता, तो कार्डाची वाट बघत तिसरी घ्यायचा, मग ताक घ्यायचा, मग शेजारच्याला चौथीतली अर्धी द्यायचा. आईने हे पहिल्याच महिन्यात हेरलं होतं. म्हणून मी जेव्हा म्हटलं, की कॉम्प्युटरला पुढच्या बाजूने वेगाची भोकं बसवायची, तेव्हा ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "कशाला?"

"लवकर होईल."

"लवकर हून काय करायचंय? आलेलं मानूस हाकलायचंय? त्यांचं फोटू निघतंय तवर माज्या भाकरी खपत्यात. तू शिकलीस, पर तुला धंदा कळत न्हाई, कल्पे."

तिचा हिशेब चुकीचा नव्हता. पण माझं म्हणणं भाकरीपुरतं नव्हतं. मी बारावी झाले होते आणि आमच्याकडे बारावी झालेल्या मुलीला दोन वाटा असायच्या : डी.एड. किंवा नवरा. घाई असेल तर दोन्ही. आबांनी डी.एड.चा फॉर्म आणून आपल्या तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. ती पेटी घरात देवापेक्षा पवित्र. तिला कुणी हात लावायचा नाही. मला शिक्षिका व्हायचं नव्हतं. शिक्षिका वाईट असतात म्हणून नाही. मला दुसऱ्याने केलेली चूक शोधायला आवडायची, पण ती चाळीस मुलांनी एकाच वेळी केलेली नको होती.

मला हवं होतं भोरच्या मुबारकभाईंच्या दुकानातलं टेबल. स्टँडजवळ त्यांचं दुरुस्तीचं दुकान. आधी तिथं रेडिओ यायचे, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. मुबारकभाई तेच, चष्मा तेवढा जाड होत गेलेला. टायपिंगच्या परीक्षांना भोरला जायचे तेव्हा मी तासन्‌तास त्यांच्या काउंटरला टेकून उभी असायचे. फुग्याचं गाऱ्हाणं मी त्यांनाच सांगितलं. त्यांनी खणातून दोन वस्तू काढल्या. एक हिरवं कार्ड, जे डब्याच्या आत बसतं आणि वेगाचा नवा रस्ता तयार करतं. दुसरी एक काळी पट्टी, दोन भोकांची, जी डब्याच्या पुढच्या रिकाम्या खाचेत बसते. पट्टीतून आठ बारीक वायरी निघत होत्या, एका भोकाच्या चार : लाल, पांढरी, हिरवी, काळी. प्रत्येकीच्या टोकाला तांदळाएवढी टोपी.

"या टोप्या कार्डावरच्या सुयांवर बसवायच्या," मुबारकभाई म्हणाले. "लाल आणि काळी करंट नेतात. पांढरी आणि हिरवी बोलतात. काय?"

"दोन खातात, दोन बोलतात."

"बरोबर. आमच्या घरात चारीच्या चारी दोन्ही करतात." मग चष्मा वर करून म्हणाले, "मुली भोरला येतात, टायपिंग शिकतात, जातात. मला स्क्रू खोलणारं माणूस पायजे. हे घेऊन जा आणि तुझ्या हातानं लाव. मी येणार नाही, फोनवर सांगणार नाही. लागलं तर सोमवारी ये, ते कोपऱ्यातलं टेबल तुझं."

घरी येऊन मी आबांना सांगितलं. त्यांनी कंडक्टरसारखाच निकाल दिला, थांबा ठरवून. येत्या रविवारी चाळीस माणसांचा एक ग्रुप उतरणार होता. त्यांचे म्होरके, लाल टोपीवाले काका, दर वर्षी यायचे आणि या वेळी सगळ्यांची कार्डं एकाच मोठ्या डिस्कवर भरून हवी म्हणाले होते. आमच्याकडे लाईट दहा ते दोन. "दोनच्या आत समदी कार्डं झाली तर भोर," आबा म्हणाले. "न्हाई झाली तर फॉर्म. मदी हात दाखवून गाडी थांबवायची न्हाई."

शनिवारी सकाळी मी डबा ओढून काढला, चप्पल घातली, प्लग उपटला आणि यादीप्रमाणे कामाला लागले. यादी पेन्सिलने लिहून डब्याच्या पत्र्यावरच चिकटवली होती. कार्ड बसलं. पट्टी मात्र डुलत होती, तिचे बारीक स्क्रू पिशवीतून कुठेतरी सांडले होते. वायरींच्या टोप्या बसवायच्या बाकी ठेवून मी वडापच्या जीपने विंझरला गेले स्क्रू आणायला. आज मी माझ्या दुकानातल्या प्रत्येकाला सांगते, की अर्धवट काम सोडून जायचंच असेल तर यादी बरोबर घेऊन जा. उघड्या कामाशेजारी उघडी यादी ही पाहुण्याला दिलेली पत्रिका असते.

पाहुणा आला. आईने आदल्या दिवशीच एसटीबरोबर विंझरला निरोप धाडला होता, "पोरगी चावरा कांपुटर खोलतीय, ये." यशवंतमामा, आईचा धाकटा भाऊ, पंचक्रोशीतला वायरमन. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारांनी भरायच्या, घरात फिटिंग करायची, लग्नात मांडवाला माळा लावायच्या. वेल्ह्यापासून खाली सगळीकडे त्याचं नाव. मी वडापात विंझरकडे, तो एसटीत पालीकडे. मी परत आले तेव्हा डबा बंद होऊन कोनाड्यात बसला होता, पुढे काळी पट्टी ताठ, दोन भोकं समोर बघतायत, आणि मामा पाटावर बसून पिठल्यात भाकरी चुरत होता.

"झालं तुजं," तो म्हणाला. "स्क्रू माज्याकडं हुतं. यादी बेस केलीस. अक्षर वाचता येतंय."

"मामा, मला करायचं होतं!"

"मग? तूच केलंस. म्या फकस्त हात लावला."

आई म्हणाली, "आगं, मामाचा पाय धर. फुकटात झालं." मी पाया पडले. दोन वाजून गेले होते, लाईट नव्हती, त्यामुळे बघता येणार नव्हतं. मुबारकभाईंना काय सांगायचं, हाच प्रश्न मला रात्रभर पुरला.

रविवारी दहाला लाईट आली. मामा चहाची बशी घेऊन शेजारी उभा, आबा दारात. मी पट्टीत माझी पेन ड्राइव्ह खोचली आणि तिच्यातला निळा दिवा लागला. "लागली!" मामा ओरडला. आईने आतून विचारलं, "लागली व्हय?" आबा म्हणाले, "लागली." फक्त पडद्यावर काही उमटलं नाही. फुगाही नाही. दुसऱ्या भोकात खोचली. निळा दिवा, पडदा ढिम्म. पाहुणा ओसरीवर येऊन बसलाय, पाणी पितोय आणि घरातल्यांना तो दिसतच नाही, तशी गत.

मी प्लग काढला, डबा ओढला, झाकण उघडलं. काम सुरेख होतं, हे मान्य करते. वायरी दोऱ्याने बांधलेल्या, एकही लोंबत नाही. लाल, काळी, पांढरी आपापल्या सुयांवर. आणि दोन्ही हिरव्या वायरींच्या टोप्या छाटून, त्यांना पितळी गोल टोकं दाबून, डब्याच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेल्या.

"मामा, हिरवी इथं का लावली?"

"तूच ल्हिवलंय की." त्याने यादीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'हिरवी : डी अधिक', कारण कार्डावर 'D+' असं छापलेलं होतं, डी म्हणजे डेटा. "डी म्हंजी डायरेक. डी अधिक म्हंजी डायरेक, आनि घट्ट. केली बॉडीला डायरेक. पांढरी डी वजा, म्हंजी डायरेक न्हाई. ती टोपीत ऱ्हाऊ दिली. हिरवी अर्थिंगच असती, कल्पे. दुनियेत कुठंबी जा."

मी आयुष्यात पुष्कळ चुका पाहिल्या, पण इतकी तर्कशुद्ध चूक फार थोड्या. घराच्या वायरिंगमध्ये हिरवी अर्थिंगचीच असते. यूएसबीत ती बोलते. मामाने बोलणाऱ्या वायरीचं तोंड नेऊन पत्र्याला शिवलं होतं. मी स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"काय करतीस?" आईचा आवाज. "मामाचं काम खोलती व्हय? त्यानं काय पंप कमी भरलंत?"

"आई, चुकलंय ते."

घरात एकदम भाकरी थापायची थांबली. मामाने बशी खाली ठेवली. मला वाटलं, चिडला. पण त्याचा चेहरा चिडल्यासारखा नव्हता. तो माझ्या आणि डब्याच्या मध्ये येऊन बसला आणि हळू म्हणाला, "हिरवी काढू नगंस. हा डबा चावतो, म्हाईत हाय न्हवं? हिरवी काढलीस तर कवातरी पुरता चावंल."

आबा म्हणाले, "पावनं, पोरगी शिकलेली हाय—"

"दाजी, भिवाबी शिकलेला हुता."

भिवा त्याचा भागीदार. दोघांनी मिळून धंदा काढला होता. तो एका विहिरीवर वारला एवढं मला माहीत होतं, कसा ते कुणी सांगितलं नव्हतं. मामा डब्याकडेच बघत बोलला. "मोटारीची हिरवी तुटली हुती. भिवा म्हनला, उद्या जोडू, पिकाला पानी पायजे. बॉडीवर हात ठिवून उभा ऱ्हायला आन म्हनला, दाब. बटन म्या दाबलं." एवढंच. मग म्हणाला, "तवापासनं म्या हिरवी मोकळी सोडत न्हाई. तुजं भोर गेलं तर जाऊंदे."

याला उत्तर म्हणून तुम्ही कुणाला कार्डावरची अक्षरं दाखवू शकत नाही. मी चपला सरळ केल्या. गडाच्या बाजूने माणसांचा कालवा ऐकू यायला लागला होता; चाळीस जण उतरत होते. मग मला सुचलं ते एवढंच, की त्याची भीती खरी आहे, तर तिची सोय खऱ्या ठिकाणी लावायला हवी. "मामा," मी म्हटलं, "डब्याला अर्थिंग त्याच्या तीन पिनी प्लगातून मिळतं. जाडी पिन त्याचीच. मग ही बारीक हिरवी कशाला? आपला बोर्ड बघून घे, आणि तुझी खात्री झाली तरच मी काढते."

"बोर्ड काय बगायचा? बोर्ड म्याच बसवलाय."

"मग बघायला काय जातंय?"

त्याने पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला : होल्डरात बल्ब आणि त्यातून निघालेल्या दोन वायरी. आधी खालच्या दोन भोकांत टोकं घातली, बल्ब लख्ख लागला. मग एक टोक काढून वरच्या जाड्या भोकात घातलं. बल्ब लागला नाही. त्याने टोक फिरवलं, फुंकलं, पुन्हा घातलं. काळोख. मामा उठला आणि घराच्या मागे गेला. आम्ही पाठोपाठ. तिथं भिंतीतून बोर्डाची हिरवी वायर बाहेर निघत होती, चांगली तीन हात लांब, आणि तिचं दुसरं टोक जमिनीत जाण्याऐवजी शेवग्याला गुंडाळलेलं होतं. तिच्यावर आईची चार फडकी वाळत होती.

फिटिंग केलं त्या दिवशी अंधार पडला, मामा म्हणाला होता, खड्डा उद्या काढू. त्या उद्याला सहा वर्षं झाली होती; तेव्हा भिवा जिवंत होता. आईला आयती दोरी मिळाली होती. कॉम्प्युटरचा तो स्वभाव नव्हता. तो इतके दिवस तक्रार करत होता.

मामाने फडकी एकेक काढून आईच्या हातात दिली. "आक्का," तो म्हणाला, "कुदळ दे. आन मीठ. लई."

त्यानंतरचा तास आमच्या परसात जे चाललं होतं ते गडावरच्या कुठल्याही दृश्यापेक्षा पाहण्यासारखं होतं. मामा खणतोय, आबा सुट्टीच्या दिवशी धोतर खोचून माती उपसतायत आणि सवयीने म्हणतायत, "सरका, आत सरका." लाल टोपीवाले काका चाळीस माणसं घेऊन पोचले आणि त्यांना वाटलं, काही ऐतिहासिक सापडलं. ते खड्ड्यात वाकून बघू लागले. "काय आहे?" "अर्थिंग." "कोणाच्या काळातलं?" "आमच्याच." त्यांच्यातल्या दोघांनी कुदळ मागून घेतली, पुण्यात त्यांना ती कुणी देत नसावं. खड्ड्यात घालायला लोखंड हवं म्हणून मामाने आईचा तडा गेलेला बिडाचा तवा मागितला. आई म्हणाली, तो आजून चालतोय. मामा म्हणाला, आता लई चालंल. तव्याला वायर आवळली, वर चुलीतला कोळसा, त्यावर वर्षाच्या लोणच्यासाठी ठेवलेलं सगळं खडेमीठ, पुन्हा कोळसा, माती, पाणी. आणि या सगळ्या वेळात ओट्यावरची माणसं खातच होती. आईचं पीठ साडेबाराला संपलं आणि शेजारून मागून आणावं लागलं. तिचा माझ्यावरचा राग तिथं जो उतरला तो कायमचा.

मामा आत आला, हात धुतले, पुसले, बल्बाची टोकं घातली. जाड्या भोकात टोक गेलं आणि बल्ब लागला. मामाने तो तीन वेळा लावून पाहिला. मग प्लग बसवला, उघड्या हाताने डब्याचा पत्रा धरला, पूर्ण पंजा, आणि धरून राहिला. "न्हाई चावत," म्हणाला. मग प्लग काढून बाजूला सरकला. "काढ हिरवी."

मी काढली. पण टोप्या छाटलेल्या. मी हताश होऊन मामाकडे बघितलं, तर त्याने शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. छाटलेली दोन्ही टोकं टोपीसकट त्यात होती. मामा काही फेकत नसे. त्याने डाग द्यायची इस्त्री तापवली आणि केसाएवढ्या वायरी शिशाचा डाग देऊन अशा जोडल्या, की जोड कुठे आहे हे बोटाला कळेना. तसा डाग द्यायला मी नंतर चार वर्षं शिकत होते आणि अजून तसा जमलेला नाही. टोप्या मात्र मी बसवल्या, अक्षरं बघून.

एक वाजून पाच मिनिटांनी एका भोकात काकांची डिस्क, दुसऱ्यात कार्ड. फुगा आला नाही. पडद्यावर कॉपीच्या पट्टीतले हिरवे चौकोन सरसर भरत गेले आणि आबा खुर्चीच्या मागे उभे राहून एकेका कार्डाला म्हणत होते, "चला, पुढचा." अकरा कार्डं होती. एक जण जेवायला बसून पहिला घास घेतोय तोवर मी त्याचं कार्ड त्याच्या ताटाशेजारी ठेवलं, तर तो म्हणाला, "काय झालं? चालत नाही का?" अकरावं निघालं तेव्हा दोनला सतरा मिनिटं कमी होती. आबांनी पत्र्याची पेटी उघडली, फॉर्म काढला आणि आईला चुलीत घालायला दिला. कंडक्टर माणूस, उतारू आपल्या थांब्यावर उतरला की विषय संपला.

सोमवारी पहिल्या गाडीने मी भोरला निघाले. विंझरला मामा चढला, नवा शर्ट घालून. कुठं निघालास विचारलं तर म्हणाला, भोरला काम हाय. मुबारकभाईंची अट होती, तुझ्या हातानं लाव. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते : बहुतेक मीच लावलं, शेवटचं तर मीच लावलं, टोप्या तरी मीच. खरं बोलले तर टेबल जातं, खोटं बोलले तर मामा शेजारी उभा.

दुकानात मुबारकभाई एका उघड्या टीव्हीत डोकं घालून बसले होते. वर न बघताच म्हणाले, "लागलं?"

"लागलं."

"कुणी लावलं?"

मी तोंड उघडलं, पण मामा आधी बोलला. विंझर ते वेल्हे ज्याच्या कामाला कुणी कधी बोट लावलं नव्हतं, तो माणूस परक्या दुकानदारापुढे छाती पुढे काढून, एखादं बक्षीस सांगावं तसं म्हणाला, "म्या लावलं. साफ चुकीचं लावलं. हिला नगं नगं म्हनत हुतो तरी हिनं शोधून काढलं. हिच्या घरातल्या माज्या फिटिंगसकट."

मुबारकभाईंनी डोकं बाहेर काढलं. मामाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चुकलंय हे तुला कळलं कसं?"

"दिवा लागत होता," मी म्हटलं, "पण काम होत नव्हतं."

"तसली माणसं रोज येतात हितं," मुबारकभाई म्हणाले आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचे टीव्हीचे सांगाडे उचलायला लागले. "बस तिथं."